हौदा उचलण्याआधी: टिप ट्रेलरबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाच्या आधी भराव उरकायची घाई सुरू झाली की आमच्याकडे टिप ट्रेलरबद्दलची पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं इंदूर आणि आसपासची आहेत. ट्रेलर म्हणजे इथे पुढे घोडा (इंजिन-केबिनची ओढणारी गाडी), मागे लांब हौदा (मालाची पेटी) आणि मागच्या बाजूने माल सोडणारी गाडी. दहा-बारा चाकी डंपर नव्हे. डंपर चालवलेला माणूस ट्रेलरवर बसला की बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

प्रश्न: माझा मुलगा कॅनडात फ्रेमलेस ट्रेलर चालवतो. तो म्हणतो की हौदा उचलताना ट्रेलरची चाकं आपोआप पुढे सरकतात आणि ती सरकू द्यावीच लागतात. आमचे इथले ड्रायव्हर हे ऐकून हसतात. खरं काय? – ट्रान्सपोर्ट व्यावसायिक, देवास नाका

उत्तर: मुलगा बरोबर सांगतोय. ड्रायव्हरांचं हसणंही समजण्यासारखं आहे, कारण आपल्या भागातल्या बहुतेक टिप ट्रेलरना खाली पूर्ण लांबीची चेसिस असते. हौदा तिच्यावर बसलेला, मागे बिजागरीच्या पिनांत अडकवलेला. जॅक पुढून हौदा उचलतो, पण चेसिस, किंगपिन (ट्रेलरला घोड्याशी जोडणारी पिन) आणि चाकं जागची हलत नाहीत. हँडब्रेक ओढला, चाकांना ओट (अडसर) लावले की झालं.

फ्रेमलेसमध्ये ही चेसिसच नसते. हौदा हाच गाडीचा कणा. पुढे किंगपिनची प्लेट असते आणि ती दोन लांब दांड्यांनी हौद्याच्या पोटाला जोडलेली असते. जॅक ताणला की हौद्याचं पुढचं टोक प्लेटपासून सुटून वर जातं, दांड्या तिरप्या होतात आणि घोडा व मागचे ॲक्सल यांच्यातलं अंतर कमी होत जातं. आडवी शिडी भिंतीला उभी करताना तिचा पाय भिंतीकडे आणावा लागतो, तसंच हे. अंतर कमी व्हायचं तर दोघांपैकी एकाने सरकायलाच हवं.

तिकडच्या घोड्यांत डॅशवर दोन नॉब असतात. पिवळा घोड्याच्या पार्किंग ब्रेकचा, लाल ट्रेलरच्या हवेचा. पिवळा ओढला की लालही बाहेर येतो आणि दोन्ही जाम होतात. मग लाल तेवढा परत आत दाबायचा, म्हणजे घोडा जाम आणि ट्रेलर मोकळा. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत उलट रीत असते: ट्रेलर जाम, घोडा न्यूट्रलमध्ये. आपल्या ट्रेलरवरच्या सूचनांच्या पट्टीवर जे लिहिलंय तेच करायचं. दोन्ही बाजू जाम ठेवून लिव्हर ओढली तर पिना आणि दांड्यांवर ताण साठत जातो आणि मग चाकं एकदम घसरतात. तो झटका वर, भरलेल्या हौद्याला बसतो. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या तर गाडी उताराला निघून जाते.

उतरवताना हेच सगळं उलटं घडतं, चाकं मागे जायला मागतात. ती सोडलेल्या मालाच्या ढिगाऱ्यात रुतली असतील तर मागे जाणार कशी? म्हणून माल सुटला की आधी अगदी हळू, सरळ रेषेत पुढे निघायचं आणि ढीग मोकळा झाल्यावर हौदा खाली घ्यायचा. या सरकण्यात ट्रेलरचा ब्रेक करकचून लावायचा नाही.

घोडा आणि ट्रेलर एका रेषेत हवेत, हा नियम मात्र दोन्ही प्रकारांना आहे, आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही. फिफ्थ व्हीलची, म्हणजे घोड्यावर किंगपिन अडकते ती, थाळी पुढे-मागे झुलते, डावीकडे-उजवीकडे नाही. घोडा सरळ असेल तेव्हा ती ट्रेलरला कुशीवर कलू देत नाही. घोडा काटकोनात वळलेला असला की थाळीचं पुढे-मागे झुलणं हेच ट्रेलरचं डावं-उजवं झुलणं होतं, म्हणजे पुढचा आधार जवळजवळ गेलाच. अडचणीच्या जागेत घोडा तिरका ठेवून खाली करणारे ड्रायव्हर या एका आधाराशिवाय काम करत असतात.

फ्रेमलेस घ्यावा का, असंही तुम्ही विचारलं आहे. तो हलका असतो आणि तेवढा माल जास्त बसतो. पण उचलल्यावर खाली चेसिसचा पाया नसल्यामुळे जमिनीचा थोडासा कलही त्याला भोवतो. सिमेंटच्या यार्डात रिकामं करायचं असेल तर फ्रेमलेसचा विचार करा. काळ्या मातीवरच्या भरावासाठी आम्ही फ्रेमवालाच घ्या म्हणू.

प्रश्न: साइटवर एक ट्रेलर हौदा वर असताना कुशीवर पडला. ठेकेदार म्हणतो ड्रायव्हरची चूक, मेकॅनिक म्हणतो जॅक कमजोर होता. नक्की कशामुळे पडतो? – साइट सुपरवायझर, सुपर कॉरिडॉर

उत्तर: तुमच्या गाडीचं न पाहता सांगता येणार नाही, पण मेकॅनिकच्या म्हणण्यात एक गैरसमज आहे. जॅकचं काम उचलण्याचं, हौद्याला कुशीवर पडण्यापासून धरून ठेवण्याचं नाही. कललेल्या हौद्याखाली जॅक वाकलेला सापडतो तेव्हा बहुतेक वेळा तो आधी वाकलेला नसतो, पडताना वाकलेला असतो.

हिशोब करून पाहा. दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर २ मीटर धरा, म्हणजे गाडीच्या मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला १ मीटर. मालाचा भारकेंद्र या १ मीटरच्या बाहेर गेला की गाडी पडली. एका बाजूची जमीन १० सेंटिमीटर खाली असेल तर कल जेमतेम ३ अंश, डोळ्याला दिसतही नाही. पण हौदा वर गेल्यावर माल ४ मीटर उंचीवर असेल तर भारकेंद्र मध्यरेषेपासून २० सेंटिमीटर सरकलेला असतो. आता खालच्या बाजूचं चाक आणखी ५ सेंटिमीटर रुतलं की अजून १० गेले. त्याच बाजूच्या कमानीचं (चाकावरच्या स्प्रिंगचं) एक पान तुटलेलं, जोडचाकातला आतला टायर बसलेला, लोडरने एकाच बाजूने भरल्यामुळे खडीची टेकडी पलीकडे झुकलेली, हे सगळे आकडे एकमेकांत मिळवले जातात. शिवाय कलल्यावर कमानी त्याच बाजूला आणखी दबतात. अपघातानंतर प्रत्येकजण यातलं एकेक कारण दाखवतो आणि प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर असतं.

चाक रुततं तेही नेमकं नको त्या वेळी. हौदा उचलला जाईल तसा माल मागे सरकतो आणि घोड्यावरचा भार मागच्या ॲक्सलवर येतो. रस्त्याने येताना जी जमीन गाडीला तोलून धरत होती, ती आता जवळजवळ सगळा माल दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात पेलते. माळव्याची काळी माती वरून वाळून पापडासारखी कडक दिसते आणि वीतभर खाली लोण्यासारखी असते. तपासायला यंत्र लागत नाही. मागची चाकं जिथे येणार त्या दोन्ही जागी लोखंडी पहार टेकवा आणि अंगाचा भार द्या. एका बाजूला ती सहज आत गेली तर तिथे हौदा उचलायचा नाही. मुरूम पसरून दाबून घ्या किंवा जागा बदला.

कल पाहायला मोबाइलमधलं लेव्हल ॲप पुरतं. गाडी जागेवर लावल्यावर फोन चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर आडवा ठेवा. एका अंशापर्यंत आम्ही चालवून घेऊ, दोन अंश दिसले तर गाडी हलवायला सांगू. पट्टीच वाकलेली नाही ना, हे एकदा पक्क्या सपाट फरशीवर बघून ठेवा.

हवेचं सस्पेन्शन असेल तर उचलण्याआधी त्यातली हवा सोडून ट्रेलर खाली बसवा. फुगलेल्या बेलोजवर उभा हौदा म्हणजे गादीवर उभी केलेली शिडी. भरावाच्या कडेपासून निदान भरावाच्या उंचीइतकं अंतर ठेवा. कडेवरच्या मातीच्या बांधाला चाक टेकवून थांबायची सवय वाईट. तो बांध खूण म्हणून असतो, अडसर म्हणून नाही. कडेच्या अलीकडे माल टाका, बुलडोझर पुढे लोटेल.

आणि शेजारी? ९ मीटरचा हौदा कुशीवर पडला तर बाजूची ९ मीटर जागा घेतो. दोन ट्रेलर शेजारी-शेजारी लावून एकदम खाली करण्याची आपल्याकडची रीत बंद करा. खलाशाने (ड्रायव्हरच्या मदतनिसाने) घोड्याच्या पुढे, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहायचं. मागे नाही, बाजूला तर नाहीच.

हौदा वर जाताना ड्रायव्हरने लिव्हर सोडून चहाला जायचं नाही. आरशात हौद्याची वरची कड केबिनच्या मागच्या कडेशी समांतर चालली आहे का, हे पाहत राहायचं. कड तिरकी दिसू लागली की थांबा आणि सावकाश खाली घ्या. घाबरून लिव्हर एकदम सोडली आणि मध्येच पकडली तर त्या धक्क्यानेच गाडी जाते. ती पडतच असेल तर दार उघडून उडी मारू नका. बेल्ट लावून स्टीअरिंग घट्ट धरून आतच बसा. पडत्या गाडीतून उडी मारणारा माणूस बहुधा हौदा पडतो त्याच बाजूला जाऊन पडतो.

प्रश्न: पावसात ओला मुरूम हौद्याच्या पुढच्या भागात चिकटून बसतो, अर्धा सुटतो, अर्धा राहतो. ड्रायव्हर हौदा वर ठेवून गाडी पुढे घेतात आणि कच्चकन ब्रेक मारतात. सुटतो तसा, पण मला धाकधूक वाटते. – खडी-मुरूम पुरवठादार, राऊ

उत्तर: धाकधूक योग्य आहे. खालचा माल निघून गेलेला, वरचा अडकलेला, म्हणजे सगळं उरलेलं वजन सात-आठ मीटर उंचीवर. ट्रेलरची याहून वाईट अवस्था नसते. त्यात ब्रेकचा झटका! आणि चिकटलेला मुरूम दोन्ही बाजूंनी एकदम सुटत नाही. डावा आधी सुटला की उजवीकडचा सगळा भार एका बाजूला.

हौदा खाली घ्या. पूर्ण खाली. मग बाहेरून, शिडीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने माल मोकळा करा आणि पुन्हा उचला. उचललेल्या हौद्यात माणूस चढवायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

खरा इलाज भरतानाचा आहे. ओला माल भरायचाच असेल तर हौद्याच्या तळाला आधी कोरड्या कचेचा (खडीच्या चुऱ्याचा) किंवा जाड वाळूचा दोन-तीन इंचांचा थर द्या. पुढच्या कोपऱ्यांत कमी भरा, माल तिथेच चिकटतो. रोज खेप झाल्यावर कोपरे खरवडून काढा. सुकलेल्या चिखलावर नवा चिखल दुप्पट धरतो. प्लास्टिकचं गुळगुळीत लायनर बसवलं तर बराच फरक पडतो, मात्र त्याचे बोल्ट वर आलेत का हे पाहावं लागतं. उरलेलं डिझेल तळाला शिंपडायची युक्ती सोडून द्या. माल खराब होतो, आगीचा धोका वाढतो आणि मुरूम तरीही चिकटतोच.

मागचा फाळका: उचलण्याआधी त्याची कडी उघडली की नाही, हे खाली उतरून डोळ्यांनी बघा. बंद फाळक्यामागे सगळा माल दाटला की मागचे ॲक्सल दबतात आणि पुढून गाडी हलकी होते. मोठे दगड असतील तर फाळक्याच्या फटीत एखादा अडकतो. तो काढायला हौद्याच्या मागे जायचं ते हौदा खाली आल्यावरच.

प्रश्न: गावाकडच्या रस्त्यावर विजेच्या तारांखाली माल टाकावा लागतो. हौदा किती वर जातो हे ड्रायव्हरला कळत नाही. – ग्रामपंचायत सदस्य, सांवेर तालुका

उत्तर: कागदावर काढून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये चिकटवा. ९ मीटरचा हौदा ४५ अंशात उचलला तर त्याचं पुढचं टोक मागच्या बिजागरीपासून सुमारे ६.४ मीटर वर जातं. बिजागरी जमिनीपासून सव्वा मीटरवर, आणि पुढच्या भिंतीची दीड मीटर उंची तिरपी धरली तरी आणखी एक मीटर. बेरीज साडेआठ मीटरच्या पुढे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ११ केव्हीची तार रस्ता ओलांडताना जमिनीपासून किमान ६.१ मीटर असावी लागते, आणि रस्त्याबाहेर, शेतातून जाताना ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेला ४.६ मीटरची किमान उंची चालते. म्हणजे तार नियमाने टांगलेली असली तरी हौदा तिच्या कितीतरी वर जातो. झोळ पडलेल्या तारेचं तर बोलायलाच नको.

तेव्हा तारेखाली उचलायचंच नाही. तारेपासून एक गाडीभर लांब टाका, ट्रॅक्टर-ट्रॉलीने पुढे न्या.

तार लागलीच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसायचं आणि कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर फोन करून लाइन बंद करून घ्यायची. हौदा खाली घेऊन तार सुटत असेल तर आत बसूनच घ्या. आग लागली तरच उतरायचं, तेही पायरीने नाही. दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी, उडी मारताना गाडीला हात नको. मग पाय जुळवलेलेच ठेवून छोट्या उड्या मारत निदान १० मीटर लांब जायचं. मोठं पाऊल टाकलं की दोन पायांतल्या जमिनीतला विजेचा फरक अंगातून जातो. ज्यांच्यातून वीज वाहून गेली त्या टायरांजवळ नंतरही बराच वेळ जाऊ नका. ते आतून जळत राहतात आणि उशिरा फुटतात.

प्रश्न: जॅक मध्येच थरथरतो, कधी पातळ नळी जाड नळीच्या आधी बाहेर येते. तेल कमी असेल म्हणून वर केलेल्या हौद्यात भरलं तर टाकीतून सांडलं. – मेकॅनिक, लोहामंडी

उत्तर: तेल हौदा पूर्ण खाली असतानाच मोजायचं आणि भरायचं. हौदा वर असतो तेव्हा टाकीतलं तेल जॅकमध्ये गेलेलं असतं. तेव्हा टाकी भरली तर उतरताना ते परत येऊन सांडणारच.

थरथर आणि स्पंजासारखं दबणं म्हणजे बहुधा जॅकमध्ये हवा. वरच्या टोकाचा हवा काढायचा स्क्रू असेल तर पुस्तिकेप्रमाणे हवा काढा, आणि टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप कुठे हवा ओढतो का ते पाहा. टेलिस्कोपिक जॅकमध्ये जाड टप्पा आधी आणि बारीक शेवटी यायला हवा. उलटा क्रम दिसला की कुठलातरी टप्पा अडतोय, त्यावर ओरखडा आहे किंवा तो वाकला आहे. तिथेच थांबा, खाली घ्या आणि जॅक उतरवून दुरुस्तीला द्या. तसाच रेटला तर तो पुढे एकदम सुटतो आणि हौद्याला वर झटका बसतो. शेवटचा टप्पा सर्वात बारीक असल्यामुळे त्याच वजनाला तिथे दाब जास्त लागतो. हौदा शेवटी अडतो म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) कसून दाब वाढवायचा नाही. माल जास्त आहे किंवा चिकटलाय, ते बघा.

बारीक गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं आणि वर फक्त ठिपका दिसतो. पुठ्ठा धरून शोधा. तसं कुणाला झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना.

पीटीओ (इंजिनाच्या जोरावर पंप फिरवणारी जोडणी) काढायला विसरणं हीसुद्धा मोठी चूक आहे. पंप फिरत राहतो, लिव्हरला धक्का लागला की चालत्या गाडीचा हौदा उठतो आणि पुढचा पूल किंवा टोलनाक्याची कमान घेऊन जातो. बझर आणि लाल दिवा बसवा, आणि ड्रायव्हर कटकटीला कंटाळून त्याची वायर काढत नाही ना, हे अधूनमधून तपासा.

प्रश्न: २०१८ नंतर वजनाची मर्यादा वाढली ना? मग वर फळ्या लावून भरायला काय हरकत? – वाचक, पीथमपूर

उत्तर: वाढली, पण हवी तेवढी नाही. जुलै २०१८ पासून तीन ॲक्सलच्या ट्रेलरखाली २४ ऐवजी २७ टन आणि दोन ॲक्सलच्या जोडीला १९ ऐवजी २१ टन. सहा चाकांचा घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर यांची बेरीज साडेपंचेचाळीस टन, दहा चाकांचा घोडा असेल तर ५५ टन, आणि यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं. जास्त निघालं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड. खडी घनमीटरला साधारण दीड टन भरते, ओली वाळू दोन टनांच्या आसपास. त्याच हौद्यात वाळू खडीइतकीच उंच भरली की धर्मकाट्यावर (वजनकाट्यावर) गडबड होते. दंड परवडला तरी फळ्या लावल्याने भारकेंद्र वर जातो, आणि वर केलेला हिशोब पुन्हा वाचा.

प्रश्न: ग्रीस लावायला किंवा होज (तेलाची नळी) बदलायला हौदा वर करून खाली काम करावं लागतं. ओंडका लावला तर चालेल? – खलाशी, देवास नाका

उत्तर: ओंडका चालणार नाही. तो घसरतो किंवा फुटतो. हौदा रिकामा हवा, कंपनीचा लोखंडी टेकू असेल तर तो पूर्ण बसवलेला हवा, आणि टेकूवर हौदा हलकेच टेकवून मगच आत जायचं. टेकू फक्त रिकाम्या हौद्यासाठी असतो. होज उघडायचं असेल तर त्यात दाब उरलेला नाही याची आधी खात्री करा. वर केलेल्या हौद्याखाली होजचा नट सैल केला की जॅकमधलं तेल त्याच वाटेने बाहेर येतं आणि हौदा खाली बसतो. फ्रेमलेस असेल तर रस्त्याकडेला हे काम करूच नका, गाडी वर्कशॉपच्या पक्क्या स्टँडवर न्या. काम चालू असताना घोड्याची चावी खाली काम करणाऱ्याच्या खिशात असावी.